घराकडे, विहिरीकडे

त्या वर्षी विहिरींचं पाणी इतकं खोल गेलं, की जुने दोर पुरेनात. बादली पाण्याला टेकायच्या आधीच हातातला दोर संपायचा. म्हणून एका सकाळी विहिरींची देखरेख करणारा माणूस दादाच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याला सगळे विहीरवालाच म्हणत.

"सहा दोर पाहिजेत," तो म्हणाला. "साठ हाती."

दादाने कमरेला गुंडाळलेला घायपाताचा वाख सोडून खाली ठेवला. "साठ? माझं अंगण पंचेचाळीस हातांचं आहे. दोर काय, दुमडून वळू?"

"ते तू बघ. बाजारात नायलॉनचा मिळतो, पण तो हात कापतो. बायका शिव्या घालतात मला. म्हणून तुझ्या दारात आलो."

"आलास ते बरं केलंस. दुष्काळ पडला की आमची आठवण होते तुम्हाला."

दोर वळायच्या चाकापाशी बसलेला भिंगरी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. कुणी हसलं की आपणही हसायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण आज कोणीच हसेना, तेव्हा त्याने नुसतंच तोंड उघडं ठेवलं.

भिंगरी हा दादाचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आलं असतं, पण शाळेने त्याला चार दिवसांत घरी धाडलं, त्यामुळे दाखला निघालाच नाही. पुढे त्याच्या आईने त्याला दोराच्या चाकापाशी बसवलं, आणि तो ते असं फिरवू लागला की बघणाऱ्याने बघत राहावं. ना घाई, ना आळस. तेव्हापासून तो भिंगरी. आता त्याची पन्नाशी उलटून गेली होती. दात गेले होते, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बारकी पोरंसुद्धा त्याला अरे-तुरे करत. एकटी वहिनी मात्र लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्याला भाऊजी म्हणायची, आणि कधी रागावली तरी 'तुम्ही'वरून खाली उतरायची नाही.

दोर वळणं हे दोन माणसांचं काम. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. चाकावरून पट्ट्यासारखी एक माळ आकड्यापर्यंत गेलेली असते. चाक फिरलं की आकडा फिरतो, आणि आकड्याला अडकवलेल्या वाखाला पीळ बसून त्याचा पेड होतो. पेड लांब झाला की गुंडाळून ठेवता येतो, म्हणून त्याला कितीही लहान अंगण पुरतं. पण असे तीन पेड एकत्र करून दोर वळायचा तर ते पूर्ण लांबीचे ताणावे लागतात, आणि चाक उलट दिशेने फिरवावं लागतं. पेडाचा पीळ आणि दोराचा पीळ एकमेकांच्या विरुद्ध, तरच ते एकमेकांना धरून राहतात.

हे उलट-सुलट भिंगरीला कळणार कसं? आईने त्यावर साधा उपाय काढला होता. चाकापाशी बसलं की डाव्या हाताला घर होतं आणि उजव्या हाताला विहीर. ती त्याचा हात धरून म्हणायची, "पेडाला घराकडे. दोराला विहिरीकडे." किती महिने म्हणत होती कोण जाणे. मग एके दिवशी ते त्याच्या हातात मुरलं, आणि त्यानंतर कोणाला बोलायची गरजच पडली नाही. आई गेली त्यालाही वीस वर्षं झाली. दादा लांबून हात वर करायचा, भिंगरी फिरवायचा. दादाने हात खाली घेतला की थांबायचा.

पण या वर्षी भिंगरीचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने तो पुन्हा ताटावर येऊन बसायचा. सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागायची. मधेच वहिनीला आई म्हणून हाक मारायचा. आणि दोनदा बसल्या जागी धोतर ओलं झालं, तेव्हा तो ओल्या मातीकडे असा बघत राहिला, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी.

दादाने हे सगळं मनात धरलं. एकदा तो तालुक्याला जाऊन आला, आणि त्यानंतर तिथल्या एका संस्थेच्या बाई येऊन भिंगरीला बघून गेल्या. त्यांनी हसून त्याचा हात हातात घेतला, वही काढून बरंच लिहिलं. जाताना दादाला म्हणाल्या, "अशी माणसं लवकर म्हातारी होतात हो. आमच्याकडे असे बाराजण आहेत. वेळेवर खाणंपिणं, डॉक्टर, सगळं आहे. तुमचंही वय झालंय."

"बघतो," दादा म्हणाला होता. आणि वहिनीला त्याने सांगितलं, "चाक फिरवतोय तोवर राहील आपल्याजवळ. ज्या दिवशी चाक सुटेल त्या दिवशी मी त्याला पुरा पडणार नाही. माझे गुडघे बघ."

वहिनीने गुडघे बघितले नाहीत. ती वाखावर पाण्याचा हात फिरवत होती. प्रत्येक पेंढीला एकदा देवाचं नाव घ्यायचा तिचा नेम होता, आणि त्या दिवशी तिने एका पेंढीला दोनदा घेतलं.

*

चार दिवस पेडांचं काम चाललं आणि त्यात काही बिघडलं नाही. उन्हं चढायच्या आत सुरू करायचं, सावली आखडली की थांबायचं. पाणी जपून वापरायचं म्हणून वहिनी वाख बुडवायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. कोरड्या वाखाच्या कुसळांनी दादाची बोटं फुटली. भिंगरीचा हात मात्र घराकडे, घराकडे फिरत राहिला. पाचव्या दिवशी अठरा पेडांच्या गुंडाळ्या ओसरीवर रचलेल्या होत्या.

आता दोर वळायचे, आणि त्याला हवी साठ हात सरळ जागा. अंगणाच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला गोठ्याची भिंत. चाकामागे रस्ता होता, मोकळा, पण सगळा खडक. तिथे चाकाचे खुंट बसेनात. दादाने पहार मारून बघितली, ठिणग्या उडाल्या.

"चाकच उचलून गोठ्यापाशी नेऊ," तो म्हणाला. "भिंतीला बांधू. तोंड रस्त्याकडे करू. मी पार रस्त्यावर निघून जाईन."

चाक हललं, तेव्हा भिंगरी उठून उभा राहिला. त्याच्या आठवणीत चाक कधी हललं नव्हतं. झाड चालायला लागलं तर माणूस जसा बाजूला होईल, तसा तो बाजूला झाला. दादाने आणि विहीरवाल्याने मिळून ते गोठ्याच्या भिंतीला बांधलं, पाट ठेवला, आणि दादा म्हणाला, "बस."

भिंगरी बसला. ऊन नेहमी पाठीवर यायचं, ते आता डोळ्यांवर आलं. समोर गोठ्याची भिंत असायची, तिथे रस्ता होता, आणि रस्त्याच्या शेवटी काहीतरी पांढरं थरथरत होतं. ते बहुतेक दादाचं डोकं होतं. त्याने घर शोधलं. घर होतं, पण भलत्याच हाताला. विहीरही होती. कोणी घर उचलून तिकडे नेलं आणि विहीर इकडे आणली, हे त्याला उमगेना. पण दोन्ही आहेत हे बघून त्याला बरं वाटलं.

दादाने तीन पेड आकड्याला अडकवले, तीन खाचांचा ठोकळा त्यांच्यामध्ये धरला आणि पार लांब जाऊन हात वर केला. भिंगरीला हात दिसला नाही. मग वहिनी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हात वर केला.

दोराला विहिरीकडे. भिंगरीने विहिरीकडे बघितलं आणि चाक फिरवलं.

"ए!" लांबून आवाज आला. "उलटं! उलटं फिरव!"

भिंगरी थांबला. त्याने पुन्हा विहिरीकडे बघितलं. बरोबर आहे. पुन्हा फिरवलं.

पेड एकमेकांना धरायच्या ऐवजी जागच्या जागी आवळत गेले, त्यांना गाठी पडल्या, आणि दादाने टोक सोडताच सगळा दोर उसळून दादाच्या नडगीवर बसला. दादा लंगडत आला. त्याने भिंगरीचा हात स्वतःच्या हाताने धरून चाक दुसऱ्या बाजूला फिरवून दाखवलं. "असं. कळलं? असं."

"घराकडे?" भिंगरीने विचारलं.

"कुठलं घर घेऊन बसलास! असं फिरव म्हणजे झालं."

"दोराला?" भिंगरी म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला. दादा पेडाबद्दल बोलतोय की दोराबद्दल, की जेवायला घरी चल म्हणतोय? दादाचा हात आपल्या हातावर होता तोवर त्याने फिरवलं. दादा रस्त्याच्या टोकाला पोचला, आणि हात आपला आपण विहिरीकडे वळला.

दुसरा दोर असा गेला. तिसऱ्या वेळी दादाने परत येऊन काही दाखवलं नाही. त्याने भिंगरीच्या थोबाडीत मारली.

चाक थोडा वेळ रिकामंच फिरत राहिलं. विहीरवाला खाली बघत म्हणाला, "जाऊ दे, आता वय झालं त्याचं." आणि नायलॉनचं काही न बोलता निघून गेला, पण ते न बोलणंच सगळ्यांना ऐकू गेलं. भिंगरीच्या पाटाखालची माती ओली झाली होती. वहिनी पुढे आली आणि म्हणाली, "चला भाऊजी. हातपाय धुऊ." तो उठला, आणि जाता जाता त्याने गालाला हात लावून बघितला, तिथे काय आहे म्हणून.

*

"बाईंना निरोप दिला," दादा दुसऱ्या दिवशी म्हणाला. "गुरुवारी जीप येईल."

 मधल्या दोन दिवसांत वहिनीने स्वतः चाकाशी बसून बघितलं. पण मग अंगणात उभं राहून पेड सोडवायला कोणी उरेना, आणि तिचा खांदा पहिल्याच दोरात भरून आला. तो दोर झाला, पण कुठे सैल, कुठे आवळलेला. दादाने तो हातात घेऊन खाली टाकला. "याला बादली बांधली तर दोर वर येईल, बादली राहील खाली."

भिंगरी ओसरीवर बसून राही. चाकाकडे जायला निघाला की दादा म्हणे, "तू बस." तो बसे. थोड्या वेळाने विसरून पुन्हा निघे. मंगळवार-बुधवार त्याचे असे उठण्या-बसण्यात गेले. कशामुळे बसायचं आहे, हे त्याने एकदा वहिनीला विचारलं. तिने त्याच्या सदऱ्याची बटणं काढून पुन्हा नीट लावली आणि म्हणाली, "विश्रांती घ्या जरा. आयुष्यभर फिरवलंत."

"मी दमलोय?"

"माहीत नाही भाऊजी. तुम्ही सांगा."

त्याने विचार केला. 

गुरुवारी सकाळी वहिनीने त्याचे तीन सदरे, दोन धोतरं आणि एक जुनं पांघरूण एका चादरीत बांधलं. त्याची दाढी केली. साबणाचा फेस पुसताना तिचं लक्ष अंगणात गेलं. चाकाची जुनी जागा तिथे रिकामी होती. खुंटांची दोन भोकं आणि मधे त्याच्या बसण्याने झालेला उथळ खळगा.

आणि तिच्या मनात आलं, की चाक हलवलं त्या दिवसापासून भाऊजींना सगळे रागावले, समजावलं, मारलंही. पण विचारलं कोणीच नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "पेडाला चाक कुणीकडे फिरवायचं?"

"घराकडे," तो लगेच म्हणाला.

"आणि दोराला?"

"विहिरीकडे." त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांत कोणीतरी त्याला येणारं काहीतरी विचारलं होतं.

"हे कोणी सांगितलं?"

"आईने." मग तो गोंधळला. "तूच सांगितलंस की."

वहिनी त्याला हाताला धरून खळग्यापाशी घेऊन गेली. "बसा इथे. दोराला फिरवा बघू. नुसता हात." तो खळग्यात बसला आणि त्याने हात हवेत विहिरीकडे फिरवला. मग ती त्याला गोठ्यापाशी घेऊन गेली, चाकाशी बसवलं. "आता इथे फिरवा." हात पुन्हा विहिरीकडे गेला. पण विहीर आता दुसऱ्या हाताला होती.



तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. संस्थेच्या बाई उतरल्या, दादा त्यांना सामोरा गेला. "तयार आहे," तो त्यांना सांगत होता. "कपडे बांधलेत. जेवायला मऊ लागतं, दात नाहीत."

"अहो," वहिनीने हाक मारली. "जरा इकडे या."

"बाई आल्यात."

"त्यांनाही येऊ दे. तुम्ही या आधी."

दादा आला. वहिनीने भिंगरीला बाजूला उभं केलं आणि पाटाकडे बोट दाखवलं. "बसा चाकाशी."

"आता हे काय खूळ?"

"बसा तर. डोळे मिटा. आणि हात करून सांगा, विहीर कुठे आहे."

दादा बाईंकडे बघून ओशाळं हसला, पण बायकोचा चेहरा बघून बसला. डोळे मिटून त्याने हात उचलला. उजवा.

"उघडा," वहिनी म्हणाली.

दादाने डोळे उघडले. त्याचा हात सरळ घराच्या दाराकडे होता. विहीर त्याच्या डावीकडे होती. तो तसाच हात धरून बसला. मग हळूच हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला.

"सासूबाईंनी त्यांना घर आणि विहीर शिकवली होती," वहिनी म्हणाली. "उलट-सुलट नाही. चाक आपण फिरवून ठेवलं. त्यांनी त्यांचं काम बरोबरच केलं."

दादाने बराच वेळ चाकाकडे बघितलं. मग त्याने हात घालून माळ चाकावरून उतरवली, मधे एक तिढा दिला आणि इंग्रजी आठासारखी करून पुन्हा चढवली. बस्स. आता चाक विहिरीकडे फिरलं की आकडा हवा तसाच फिरणार होता. जेमतेम एका मिनिटाचं काम. कोणत्याही दोरवाल्याला सुचलं असतं, त्यालाही सुचलं असतं, त्या दिवशी मारायला हात उचलण्याआधी क्षणभर थांबला असता तर.

"ये," तो भिंगरीला म्हणाला. "बस."

भिंगरी उभाच राहिला. बस म्हणजे पाटावर की ओसरीवर? गेले दोन दिवस बस म्हणजे ओसरी होती. त्याने वहिनीकडे बघितलं, तिने मान हलवली, तेव्हा तो पाटावर बसला.

दादा रस्त्याच्या टोकाला गेला. वहिनी अंगणात पेड सोडवायला उभी राहिली, आणि दादाचा हात दिसला तसा तिने तिचा वर केला. तिढ्यापाशी माळ घासून कुरकुरू लागली. विहिरीकडे, विहिरीकडे. बाईंनी बघितलं, तीन पेड एकमेकांवर झोपल्यासारखे बसत गेले आणि साठ हात दोर जमिनीपासून वर उचलला गेला, घट्ट, एकसारखा. दादाने टोक सोडलं. दोर हलला नाही.

बाईंनी जीपच्या टपावर हात ठेवला. त्या मनाने चांगल्या होत्या. दादा जवळ आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "छान झालं. पण दादा, एका दोराने बाकीचं बदलत नाही. ते विसरतात, ओलं करतात, त्यांना लांबचं दिसत नाही. हे वाढत जाणार."

"हो," दादा म्हणाला. "ते आहेच. डॉक्टर आहे म्हणालात तुमच्याकडे. डोळे दाखवायला मी घेऊन येईन त्याला. परत घेऊन जाईन."

"आणि आजचं?"

दादाने ओसरीवरच्या गुंडाळ्यांकडे बघितलं. "आज काम आहे त्याला."

 "पुढे कधीतरी मी येईनच," बाई म्हणाल्या. दादाने नाही म्हटलं नाही. जीप वळली आणि धुरळा घराकडे आणि विहिरीकडे सारखाच पसरला.

*

दुपारपर्यंत आणखी एक दोर झाला. मग वहिनीने हाक मारली आणि तिघं सावलीत बसले. चादरीतलं बोचकं तिने सोडलं होतं. भिंगरीने त्यातला एक सदरा उचलून बघितला. "हा कोणाचा?"

"तुमचाच."

"छान आहे," तो म्हणाला आणि घडी मोडून मांडीवर घेऊन बसला. मग आठवल्यासारखं विचारलं, "आई जेवली?"

एरवी दादा चिडायचा. गेली रे ती, किती वेळा सांगू, असं म्हणायचा. आज तो चिडला नाही. वहिनी म्हणाली, "जेवतील. तुम्ही घ्या."

जेवून झाल्यावर वहिनी भांडी घेऊन आत गेली. दादा भावाच्या शेजारी सरकला. मातीत काडीने रेघा ओढत राहिला. बरंच अंतर पाठीमागे चालत यावं तसा त्याला बोलायला वेळ लागला.

"परवा लागलं का रे तुला?"

भिंगरीने त्याच्याकडे बघितलं. "कुठे?"

"इथे." दादाने त्याच्या गालाला बोट लावलं. "मी मारलं ते."

भिंगरीने गाल चाचपला. तिथे काही नव्हतं. दादाने मारलं? कधी? त्याला काही आठवेना, आणि दादा उत्तराची वाट बघतोय, हे मात्र कळत होतं. काय सांगितलं म्हणजे दादाला बरं वाटेल, ते तो शोधू लागला. शोधता शोधता त्याची नजर खाली दादाच्या पायावर गेली. नडगीवर काळानिळा वळ उठला होता.

"तुला लागलंय," तो म्हणाला.

"दोर बसला त्या दिवशी. होईल बरा."

"कोणी मारलं?"

 भिंगरीने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी भावाचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि त्या वळावर हळूहळू फुंकर घालू लागला. ना घाई, ना आळस. दादाने पाय काढून घेतला नाही. त्याने हात वरही केला नाही आणि खालीही घेतला नाही. थांब असं कोणी म्हणालं नाही, म्हणून भिंगरी फुंकतच राहिला.